जुना घाट, जुनी फियाट

मुंबईहून मोटारीने पुण्यास जाऊन आलेल्या माणसाला हल्ली कोणी रस्ता कसा होता म्हणून विचारीत नाही. सगळे वेळ विचारतात. कोणी अडीच तास सांगतो, कोणी दोन तास चाळीस मिनिटे, आणि सव्वातीन लागले असतील तर तो माणूस खजील होऊन वाटेत अपघात होता, ट्रक उलटला होता असली कारणे सांगू लागतो. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचे ते ९४.५ किलोमीटर लोक डोळे मिटल्यासारखे पार करतात. रस्ता चांगला आहे, यात शंका नाही. पण त्याच्या उशाला अजून एक जुना हमरस्ता आहे, आणि तो पनवेल, चौक, खालापूर, खोपोली अशा गावांच्या अंगणांतून जातो. ज्यांना घाई नाही, ज्यांची दुचाकी आहे, किंवा ज्यांची मोटार माझ्या मोटारीसारखी आहे, ते लोक त्या रस्त्याने जातात.

माझी मोटार म्हणजे १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट. रंग मूळचाच, म्हणजे साईच्या दुधासारखा. मी ती १९८१ साली दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली. त्या काळी नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलीचे लग्न ठरेल, पण गाडी यायची नाही. त्यामुळे हाताळलेली गाडी मिळणे हेही भाग्यच समजत. किल्ली देताना ते गृहस्थ म्हणाले होते, "डिकरा, हिला रोज थोडी तरी फिरव." तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हळवेपणा वाटला. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत समजले की ती चक्क यंत्रशास्त्रातली सूचना होती.

या गाडीचे आणि पुण्याच्या रस्त्याचे नाते जुने आहे, आणि ते माझ्यामुळे नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. आरंभी तिथे क्रायस्लरच्या अमेरिकन मोटारींची जुळणी होई. पुढे इटलीतल्या फियाटशी करार झाला आणि १९५४ साली ११०० बाहेर पडली. तिचे पुढचे दरवाजे आजच्या उलट बाजूला उघडत, आणि नाकाडाच्या ठेवणीवरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. हे नाव आजही शौकीन मंडळी मोठ्या प्रेमाने घेतात. वालचंदशेठ १९५३ साली वारले. म्हणजे ही गाडी त्यांच्या डोळ्यांना दिसली नाही. पण याच वालचंदांनी १९२० च्या दशकात बोरघाटातल्या आगगाडीच्या बोगद्यांचे काम केले होते. आज पुण्याची आगगाडी ज्या बोगद्यांतून जाते त्यांतले काही त्यांच्या माणसांनी खोदले, आणि शेजारच्या रस्त्याने माझी जी गाडी धापा टाकीत चढते तीही त्यांच्याच कारखान्याची. एका माणसाने एका डोंगरावर दोन बाजूंनी हात फिरवावा, हा योग विलक्षणच म्हणायचा.

फियाट ११०० चे हे वाण इटलीत १९६९ साली थांबले. आपल्याकडे ते १९७० च्या दशकात 'प्रेसिडेंट' झाले, मग 'पद्मिनी' झाले, आणि शतक संपेपर्यंत चालले. इतका दीर्घ संसार त्या घराण्याला माहेरीही लाभला नाही.

आता तिची बडदास्त. 'जुनी मोटार ठेवणे म्हणजे हत्ती पोसणे' असे आमचे व्याही म्हणतात. मला ते पटत नाही. हत्तीला काय हवे ते माहुतालाच ठाऊक. या गाडीला काय हवे ते मात्र कानाला, नाकाला आणि हाताला कळते. दर रविवारी सकाळी चहा झाला की मी बॉनेट उघडतो. रेडिएटरमधले पाणी पाहायचे, कांडी काढून ऑइल पाहायचे, बॅटरीच्या सहा खणांत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहायचा. हे झाले साप्ताहिक. महिन्या-दीड महिन्याने डेल्कोचे झाकण काढून पॉइंट पुसायचे आणि त्यांच्यातली फट पट्टीने मोजायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. पण ती जरा बिघडली की ठिणगी चुकीच्या क्षणी पडते, गाडी चढावर आवंढे गिळते आणि पेट्रोल मात्र सपाटून पिते. हजार-दीड हजार किलोमीटर झाले की पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस. ते चुकले तर सुकाणू जड होते, आणि माझ्या वयाला जड सुकाणू परवडत नाही.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की या गाडीच्या मागे फार काम आहे. काम आहे, पण ते सगळे डोळ्यांसमोर आहे. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले की खाली काळ्या प्लॅस्टिकचे दुसरे झाकणच दिसते. बिघाड झाला तर संगणक लावल्याशिवाय त्याचे नावही कळत नाही. माझ्या गाडीत चार सिलिंडर, १०८९ सी.सी., एक कार्बुरेटर, एक पेट्रोलपंप, आणि प्रत्येक अवयव स्पॅनर पोचेल इतक्या अंतरावर. चालेनाशी झाली तर दोनच प्रश्न विचारायचे: ठिणगी येते का? पेट्रोल येते का? उत्तर मिळाले की अर्धे दुखणे बरे.

तरी एकट्याच्या हाताने सगळे होत नाही. माझे मिस्त्री कुर्ल्याचे, मूळचे संगमेश्वरकडचे. वय माझ्याहून पाच-सात वर्षांनी कमी. सारा जन्म टॅक्स्यांखाली पाठ टेकून गेला. इंजिन चालू करून ते बॉनेटवर हात ठेवतात आणि थोडा वेळ खाली बघत उभे राहतात. वैद्याने नाडी धरावी तसे. मग म्हणतात, "तिसरा टॅपेट बोलतोय." आणि तिसराच असतो.

त्यांच्या गॅरेजातच मला एक गोष्ट उमगली, ती कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. आम्हा हौशी लोकांना वाटते की जुन्या गाड्या आपल्या हौसेवर जगतात. खरे म्हणजे त्या जगल्या टॅक्सीवाल्यांवर. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी अहोरात्र धावत होत्या, त्यांना रोज क्लचप्लेट लागत होती, ब्रेकचे रबर लागत होते, सायलेन्सर लागत होता. म्हणून ते माल करणारे कारखानदार होते, ऑपेरा हाउसजवळ तो विकणारे दुकानदार होते आणि तो बसवणारे मिस्त्री होते. आमची एखाद-दुसरी हौशी गाडी त्या मोठ्या पंगतीच्या कडेला बसून जेवत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी हळहळ केली. मिस्त्री मात्र म्हणाले, "साहेब, आता मालाचं कठीण." पंगत उठली होती.

त्यानंतर माझा फिरण्याचा छंद वाढला. सी.एस.टी. रोडवरच्या भंगारवाल्यांकडे जायचे, चोरबाजारात जायचे, कोणाची पद्मिनी मोडीत निघाल्याचे कानावर आले की तिकडे जायचे. डिलाइटला पद्मिनीचे सगळेच लागत नाही. पण पोटातले पुष्कळसे जुळते. माझ्या कपाटात, जिथे पूर्वी हिच्या ठेवणीतल्या साड्या होत्या, तिथे आता दोन पेट्रोलपंप, एक डायनामो, किंगपिनचे दोन संच आणि मागचा एक दिवा आहे. ही म्हणते, "माझ्या मंगळसूत्राला इतकं जपलं नाहीत." या वाक्याला उत्तर नसते.

पेट्रोलचीही एक वेगळीच कथा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले. हवेच्या दृष्टीने फार चांगले झाले. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचे जे वंगण मिळे, ते गेले. हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतल्या, तो प्रश्न मिटला. आता पंपावर जे मिळते त्यात सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. उसाच्या महाराष्ट्रात याबद्दल तक्रार करणे बरे नव्हे. पण इथेनॉल जुन्या रबराला खाते आणि हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदाही बदलला. टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, हा नियम केला. पारशीबावांची सूचना अशी नव्या कारणाने पुन्हा खरी ठरली. मिस्त्री तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगतात: "गाडी चालून मरत नाय साहेब, उभी राहून मरते."

हे वाक्य मला २०२५ साली फार उपयोगी पडले. त्याचे असे झाले की माझ्या लायसन्सची आणि गाडीच्या नोंदणीची मुदत एकाच वर्षात, २०२६ च्या मार्चात, संपत होती. पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाचे लायसन्स पाच वर्षांनी नवे करावे लागते, त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे पासिंगही पाच वर्षांनी, आणि तिलाही तपासून घ्यावे लागते. म्हणजे सरकारदरबारी आम्ही दोघे एकाच रांगेत.

मुलगा म्हणाला, "बाबा, आता व्हिंटेजची नोंदणी करा. मानाची पाटी मिळेल." केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. इकडे साध्या नोंदणीची वीस वर्षांवरच्या मोटारीची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाली, मुदत पाच वर्षे. नोंदणीपुरता हिशेब मांडला तर दोन्ही पारडी काट्याला काटा. पैशाने निर्णय होईना.

मग मी नियम शांतपणे वाचले. व्हिंटेज गाडी रस्त्यावर केव्हा आणता येते, याची त्यांत यादी आहे: प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी, पेट्रोल भरण्यासाठी, दुरुस्तीसाठी. नित्याच्या वापरासाठी नाही. यात सरकारचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या १९३० सालच्या गाड्या आहेत त्यांना हे नियम चांगलेच आहेत. पण ती यादी मी दोनदा वाचली. तीत मंडई नव्हती, दवाखाना नव्हता आणि भाऊबीज नव्हती.

भाऊबीज म्हणण्याचे कारण, माझी थोरली बहीण पुण्यास कर्वे रस्त्याला असते. वय ८४. १९८१ सालापासून दर भाऊबीजेला मी याच गाडीने तिच्याकडे जातो. गाडी फाटकाशी आली की मी दोनदा हॉर्न वाजवायचा आणि तिने गॅलरीत यायचे, असा परिपाठ. मुलगा म्हणतो, "माझ्या गाडीने जाऊ, तीन तासांत पोचाल." पोचू, हे खरे. पण निर्णय करण्यापूर्वी गाडीला आणि मलाही एकदा नीट पारखून घ्यावे म्हणून मी ठरवले की २०२५ ची भाऊबीज हीच परीक्षा. गाडी विनातक्रार गेली-आली आणि माझे हातपाय नीट चालले, तर साधे पासिंग. नाहीतर मानाची पाटी.

आदल्या रात्री तयारी केली. डिकीत स्टेपनी, जॅक, पान्हे, एक फॅनबेल्ट, एक कंडेन्सर, पॉइंटचा संच, पाण्याचे दोन कॅन आणि जुन्या धोतराचा एक मोठा फडका. या फडक्याचे काम पुढे येईल. ही पोह्यांचा डबा आणि ताईसाठी अनारसे घेऊन शेजारी बसली. पहाटे साडेपाचला चोक ओढला, किल्ली फिरवली, दुसऱ्या हिसक्याला इंजिन लागले.

चेंबूर, मानखुर्द आणि मग खाडीचा पूल. खाडीवर पहिला पूल झाला १९७३ साली. त्याआधी पुण्याची मोटार ठाण्याला वळसा घालून मुंब्र्यावरून पनवेलला जाई. ही गाडी त्या वाटेनेही गेली असणार. पारशीबावांच्या हाती ती नवी असताना पूल नव्हता. पनवेलच्या पुढे पळस्प्याला गोव्याचा रस्ता उजवीकडे फुटतो आणि पुण्याचा सरळ जातो. इथून जुना रस्ता खरा सुरू होतो. ताशी पन्नास-पंचावन्नने गाडी आपल्या आवडत्या सुरात येते. भाताची कापणी चालू होती. रस्त्याच्या कडेला पेंढ्या रचलेल्या, दारांवर आकाशकंदील, अंगणांत पाडव्याच्या रांगोळ्यांचे उरलेले रंग. चौकच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारसायकलवरचा पोरगा गाडीकडे बघत म्हणाला, "काका, किती साल?" मी म्हणालो, "सदुसष्ट." तो म्हणाला, "तुमचं नाय, गाडीचं." ही खिडकीबाहेर बघून हसत राहिली.

खोपोलीला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. इथे थांबायचेच, बटाटेवड्यासाठी नव्हे, इंजिनासाठी. वडा हा आनुषंगिक. समोरच्या डोंगरावरून टाटांचे जाडजूड नळ उतरताना दिसतात. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी या नळांतून खाली येते आणि १९१५ सालापासून इथे वीज होते. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. गिरण्या गेल्या, नळ आहेत. इंजिन पुरे वीस मिनिटे निवू दिले, रेडिएटरचे झाकण जपून सैल केले, पाणी पाहिले आणि घाटाला लागलो.

बोरघाटातला हा चढ पाचशे मीटरांहून अधिक आहे. तिसऱ्या गिअरमध्ये आरंभ, वळणावर दुसरा. फियाटचा गिअरचा दांडा सुकाणूखाली असतो. हात फार हलवावा लागत नाही, मनगट पुरते. पण पहिल्या गिअरची गोष्ट वेगळी. त्याला समवेगाची सोय नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडून इंजिनाला जरा गती द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा आत सरकवायचा. हे सगळे एका श्वासात. चुकले तर दातांवर दात घासल्याचा जो आवाज येतो तो पेटीतून येतो, पण लागतो काळजाला. माझ्या मनातली खरी परीक्षा हीच होती. डावा गुडघा गेली दोन वर्षे कुरकुरतो आहे.

दिवाळीची गर्दी होती. पुढे एस.टी., तिच्यापुढे भरलेला टेम्पो, मागे मोटारींची रांग. चौथ्या वळणावर टेम्पो रेंगाळला, एस.टी. जवळजवळ थांबली. दुसरा गिअर धरवेना. मी क्लच, न्यूट्रल, गती, क्लच आणि पहिला, असे केले. दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. ही म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." पण ते काही नाही फार मोठे होते.

पुढे पंधरा मिनिटे त्याच चालीने चढताना उष्णतेचा काटा वर सरकू लागला. पंखा फिरतो, पण गाडीला वारा लागत नाही; बॉनेटखालची हवा भट्टीसारखी होते. शिंग्रोबाचे देऊळ दिसू लागले आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला. दोन्ही प्रश्न विचारले. ठिणगी होती. पेट्रोल नव्हते. म्हणजे टाकीत होते, पण पंपात त्याची वाफ झाली होती, आणि हा पंप पेट्रोल ओढणारा. त्याला वाफ ओढता येत नाही. इथे धोतराचा फडका. तो भिजवून पंपाभोवती आणि नळीभोवती गुंडाळला, वरून थोडे थोडे पाणी सोडत राहिलो.

मोटारसायकलवरचे दोन तरुण थांबले. "काका, बॅटरी गेली का? ढकलू?"

"नाही रे बाबांनो, पेट्रोल उकळलंय. निवलं की निघतो."

एकजण वाकून बघू लागला. पंप कोणता, नळी कोणती, पेट्रोल कुठून कुठे जाते, सगळे विचारले. म्हणाला, "आमच्या गाडीत हे सगळं असतं का?" मी म्हणालो, "असतं, पण ते दिसत नाही." त्याने दुसरा कॅन भरून आणून दिला आणि तोवर त्याचा मित्र देवळाकडे जाऊन आला.

शिंग्रोबा हा धनगर. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा आपल्या मेंढरांच्या मागे जाऊन याने ती दाखवली असे सांगतात. बक्षीस काय हवे म्हणून विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. चालत्या गाडीतून त्याच्यापुढे नाणे टाकण्याची चालकांची रीत अजून मोडलेली नाही. घाटाचा मोटाररस्ता ज्याचा वंशज, तो रस्ता १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला; आगगाडी घाट चढली १८६३ साली. दोन्हींच्या कोनशिलांवर साहेबांची नावे. वाट दाखवणाऱ्याच्या वाट्याला शेंदूर आणि नाणी. पण रोज हजार माणसे हात जोडतात ते त्यालाच.

वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकले, मग लागले. हिने पदराच्या गाठीतले नाणे काढून त्या तरुणाच्या हाती दिले, "एवढं देवापुढे टाक रे." आम्ही निघालो.

वर गेल्यावर जुना रस्ता काही अंतर द्रुतगती मार्गाला मिळतो. तिथे अमृतांजन पूल होता. १८३० सालचा तो दगडी पूल. बामच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव पडले होते. त्याचे खांब वाहतुकीला अडत होते म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना, तो पाडला. अडत होता हे खरेच. तरी तिथून जाताना मान आपोआप वर होते. आमच्या दोन्ही अंगांनी नव्या मोटारी सूं सूं करीत जात होत्या. मी डावी कड धरून खंडाळ्याला बाहेर पडलो.

खंडाळ्याच्या गार वाऱ्यात काटा खाली आला. डावीकडे दरीपलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले स्वच्छ दिसत होते. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी. कामशेत, मग वडगाव. इथे जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांच्या सैन्याने इंग्रजांना कोंडून तहाला बसवले. मावळातले हे रान घाट चढून येणाऱ्याला सहजी पुढे जाऊ देत नाही, हे इंग्रजांना तेव्हा कळले. आम्हाला मात्र जाऊ दिले. तळेगाव, देहूरोड, चिंचवड अशी गावे, जी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, ओलांडून साडेअकराला कर्वे रस्त्याला लागलो. निघाल्यापासून सहा तास.

दोनदा हॉर्न वाजवला. ताई गॅलरीत आली. काठी टेकीत आली, एवढाच बदल. औक्षण झाल्यावर म्हणाली, "बाबू, मला एक चक्कर मार." संध्याकाळी तिला पुढच्या सलग बाकावर मध्ये बसवली, एका अंगाला ही, एका अंगाला मी, नव्या मोटारीत असे तिघांना पुढे बसता येत नाही. डेक्कनवरून लकडी पूल, तिथून लक्ष्मी रोडच्या रोषणाईतून शनिपारापर्यंत. ती सारा वेळ दुकानांची जुनी नावे सांगत होती. बरीचशी दुकाने आता नाहीत. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी सारसबागेकडून नेशील." मी हो म्हणालो. निर्णय तिथेच झाला.

मार्चमध्ये पासिंगला गेलो. रंगवलेली जुनी पाटी काढून ॲल्युमिनियमची नवी सरकारी पाटी आधीच बसवली होती. सगळ्यांनाच बसवावी लागली, तशी हिलाही. आर.टी.ओ.च्या मैदानात एक तरुण इन्स्पेक्टर आला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हातब्रेक, सगळे पाहिले. चढावर गाडी उभी करून दाखवा म्हणाला, दाखवली. बॉनेट उघडायला लावले आणि चेसिसचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. मग विचारले, "आजोबा, व्हिंटेजला का नाही टाकत? एवढी सुंदर ठेवली आहे."

मी म्हणालो, "साहेब, मला हिच्यातून भाजी आणायची असते."

तो हसला आणि शिक्का मारला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझे डोळे, कान आणि रक्तदाब तपासून दाखल्यावर सही केली. दोघांनाही २०३१ पर्यंत मुदत मिळाली.

परवा मिस्त्रींकडे गेलो होतो. शेजारच्या जागेत, जिथे एके काळी ओळीने टॅक्स्या उभ्या असत, तिथे आता विजेवरच्या रिक्षांची बॅटरी बदलण्याचे दुकान झाले आहे. त्यांचा नातू त्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी तो आजोबांकडे येऊन बसतो. मिस्त्रींनी त्याच्या हाती पट्टी दिली आणि माझ्या गाडीचे पॉइंट लावायला सांगितले. पहिल्यांदा फट जास्त झाली, दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा त्याने पट्टी ओढली तेव्हा ती जरा अडखळून निघाली, अगदी निघायला हवी तशी. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्याकडून डेल्कोचे झाकण बसवून घेतले आणि मला म्हणाले, "साहेब, भाऊबीजेच्या आधी पंपाच्या नळीला उष्णतेचं कवच घालून घेऊ. याच्याकडूनच घालून घेतो."